उजेडात धरलेलं पान

४ जून

प्रिय दादा,

बातमी आहे! आधी बैस. बसलास? वाचनालय सापडलं!

म्हणजे ते हरवलं नव्हतंच म्हणा. आपल्या शाळेच्या मागचं, आई आपल्याला दर शनिवारी न्यायची ते. मला वाटलं होतं, कधीच बंद पडलं असेल आणि तिथे चपलांचं दुकान आलं असेल. काल बटणं आणायला त्या बाजूला गेले, तर दार सताड उघडं आणि आत तोच वास! जुना कागद, फिनेल आणि कुणाची तरी ओली छत्री. बटणं राहिली बाजूला, मी सरळ आत.

आणि फुकट रे, सगळं फुकट! मी किती चिकट आहे ते तुला वेगळं सांगायला नको. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून मी रद्दीवाल्याकडची पुस्तकं वाचते. शेवटची पानं फाटलेली असतात, त्यामुळे निम्म्या कादंबऱ्यांचे शेवट मी माझ्या मनानेच लावलेत. आणि इथे भिंती भरून पुस्तकं, शेवटासकट! "किती न्यायची?" विचारलं, तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "चार." मी म्हटलं, "चार? एका वेळी? आणि परत केली की पुन्हा चार?" त्या जरा माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "हो, पुन्हा चार." अगदी हळू, लहान मुलीला सांगावं तशा.

आता खरी गोष्ट. एक जुनी कादंबरी आणली आहे, दीपगृहावर राहणाऱ्या बाईची. नवरा समुद्रात बेपत्ता होतो आणि ही रोज जिना चढून दिवा लावते. दुपारी खिडकीत वाचत बसले होते, पान उलटताना उजेडात आलं आणि एका शब्दाखाली टाचणीएवढा उजेड दिसला. भोक! दादा, आईची खूण! पान दुमडलंत तर हात मोडीन म्हणायची आपल्याला, आणि स्वतः गळ्याशी खोचलेली सुई काढून, जिथे थांबली तिथे भोक पाडायची. आठवतंय ना? तिच्या गोधडीच्या जाड सुईचं. मी बापडी बसचं तिकीट घालते, मी नाही असं काही करत.

किती तरी वेळ पान तसंच धरून बसले. आई खोलीत आहे असंच वाटत होतं. भीती नाही वाटली, पण मागे वळूनही पाहिलं नाही.

तुझी ठकू


११ जून

प्रिय ठकू,

पत्र बसूनच वाचलं, उभं राहून वाचायचे माझे दिवस गेले. "फोन का करत नाहीस" असं या वेळी विचारलं नाहीस, त्याबद्दल आभार. फोनवर मला नुसतं घूंघूं ऐकू येतं आणि मी सगळ्याला हो हो म्हणतो. मागे असंच हो हो म्हणून दोन सोफे घरी आले होते.

भोकाचं म्हणशील तर त्यात नवल काय? आई त्याच वाचनालयात जायची, तिनेच पाडलं असणार. पुस्तक तेच, भोकही तेच. उगाच खोलीत आईला आणून बसवू नकोस.

एक विचारतो, रागावू नकोस. तुझ्या वरच्या मजल्यावरचा सुतार इकडे कामाला आला होता, तो दुकानात डोकावला. म्हणाला, ताईंकडे इस्त्री चालू राहिली होती, धूर जिन्यापर्यंत आला. हे तू मला लिहिलं नाहीस. आईची सुरुवात अशीच झाली होती आणि शेवट आपण दोघांनीही पाहिलाय. मला झोप लागत नाही बघ. चष्म्याचं दुकान आता जावई बघतो, मी नुसता शेजारी बसून त्याला छळतो. माझी मागची खोली रिकामी आहे, ऊन येतं. तू इकडे राहायला ये. आज विचारतोय, उद्या कदाचित नुसतं सांगेन.

तुझा दादा


२० जून

प्रिय दादा,

सुताराला म्हणावं, स्वतःच्या रंध्याकडे लक्ष दे. इस्त्री एकदाच राहिली. कुणाची राहत नाही?

आणि तुझ्याकडे मी का यावं? तुझ्या गावात वाचनालय नाही. तूच सांगितलं होतंस, होतं ते पाडून गाड्या लावायला जागा केली म्हणून. या वयात मला पुन्हा फाटक्या शेवटांवर टाकायचंय का? इथे ही खोली आहे, माझं मशीन आहे, आणि कोपऱ्यावर वळलं की माझं वाचनालय. मला इथून हलवलंस ना, तर मी बोलणार नाही तुझ्याशी, आणि पत्रही नाही. आता ऐक, म्हणजे कळेल मी का हलत नाही ते.

भोकं सगळ्या पुस्तकांत आहेत. फक्त जुन्या नाही, सगळ्या! मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईंचं आत्मचरित्र आणलं, कोरं करकरीत, उघडताना पाठ कडकड वाजते. त्यातही भोकं. मी ग्रंथपालबाईंना विचारलं, "हे कुणी कुणी नेलंय?" त्या म्हणाल्या, "नवीनच आलंय. आत्तापर्यंत एकाच वाचकाने नेलं." "कोणी?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नावं सांगत नाही आम्ही." चेहरा असा केला की मलाच कसंतरी झालं.

दादा, भोकं माझ्या पुढे असतात. मी पोचायच्या आधी ती तिथे पोचलेली. आणि कथेत पुढे काय होणार ते मला वाचायच्या आधी कळतं. दीपगृहाच्या कादंबरीत नवरा परत येणार, हे मला आधीच कळलं. तो दार वाजवतो, पण आपण कोण ते सांगत नाही. एवढंच विचारतो, "इथे दिवा कोण लावतं हो?" पान उलटलं, तर शब्द न् शब्द तेच! कोण सांगतं मला हे? आईच ना?

काल सकाळी ओट्यावर दोन कप होते. दोन्ही वापरलेले, दोन्हींच्या तळाला चहा. मी एकटीच राहते रे. वाचनखोलीत माझ्या समोरची खुर्ची मी रोज आत सारते, दुसऱ्या दिवशी ती बाहेर ओढलेली असते, कुणी आत्ता उठून गेल्यासारखी. आधी बरं वाटायचं. आता पान उजेडात धरायच्या आधी खोलीचं दार लावून घेते. आणि तरी धरल्याशिवाय राहवत नाही.

तुझी ठकू


२७ जून

प्रिय ठकू,

पत्र तीनदा वाचलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही हे तुला माहीत आहे, तरी दोन कपांच्या जागी आलो तेव्हा उठून दिवा लावला. मग भिंग घेऊन बसावं तसा विचार केला आणि जे दिसलं ते मला आवडलं नाही.

आईने हे नवं पुस्तक पाहिलेलं असणं शक्य नाही. मग दुसरं कुणीतरी आहे. एक काम कर. माझ्यासाठी कर. ग्रंथपालबाईंना पुन्हा विचार, तो एक वाचक कोण. नाव सांगत नसतील तर म्हणावं, माझ्या भावाला हवंय. आणि डॉक्टरांकडे जाऊन ये. डोळ्यांचं दाखवायचंय म्हणून जा हवं तर.

उत्तर लगेच टाक.

तुझा दादा


२ जुलै

प्रिय दादा,

बातमी आहे! आधी बैस. बसलास? वाचनालय सापडलं!

आपल्या शाळेच्या मागचं, आई न्यायची ते! मला वाटलं होतं, तिथे चपलांचं दुकान आलं असेल. काल दोरा आणायला त्या बाजूला गेले, तर दार उघडं, आणि आत तोच वास रे, फिनेलचा. आणि सगळं फुकट! ग्रंथपालबाई म्हणाल्या, चार न्या. मी म्हटलं, "चार? एका वेळी? आणि परत केली की पुन्हा चार?" बाई भली आहे, पण डोळे सारखे पाणावलेले असतात तिचे. काही दुखणं असेल बिचारीला. तिला तुझ्या दुकानाचा पत्ता देऊ का?

दीपगृहावरच्या बाईची एक जुनी कादंबरी आणली आहे. अजून उघडली नाही. तू कसा आहेस? किती दिवसांत पत्र नाही तुझं.

तुझी ठकू


६ जुलै

ठकू,

हे तू मला गेल्या महिन्यात लिहिलं आहेस. हेच. बैस म्हणालीस तेही. माझी दोन पत्रं तुझ्या टेबलावर असतील, शोध.

मी निघालोय. शनिवारी पोचेन. कुठे जाऊ नकोस.

दादा


१० ऑगस्ट

प्रिय दादा,

आज डोकं स्वच्छ आहे, काच पुसल्यासारखं. म्हणून आजच लिहून टाकते. उद्याचा भरवसा मला नाही.

तुला घरातून घालवलं, त्याचं वाईट वाटतंय. पण तू माझी बॅग भरायला घेतलीस ना! मला न विचारता! माझे कपडे घडी करून ठेवत होतास, आणि घडी तरी नीट घालायचीस. तुला घडी कधीच जमली नाही. मग माझा तोल गेला, कप फुटला, तू टोपी न घेताच निघून गेलास. ती अजून खुंटीवर आहे.

त्याआधी वाचनालयात झालं तेही मला आठवतंय. बहिऱ्या माणसाच्या आवाजात तू विचारलंस, "कोण हो तो वाचक?" सगळी वाचनखोली वळून बघायला लागली. आणि त्या बाई उभ्या राहिल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई स्वतःच. गेलं वर्षभर. दर वेळी नव्याने येतात, दर वेळी विचारतात, चार? एका वेळी? इतकं खूश झालेलं मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. कसं सांगणार होते?"

मी मानलं नाही तेव्हा. तू गेल्यावर दार लावून पुस्तक घेऊन बसले आणि स्वतःच्या हातावर नजर ठेवली. वाचत राहिले, पण एक डोळा हातावर. थोड्या वेळाने गेला रे गळ्याशी. आपोआप. तिथे आईसारखीच खोचलेली सुई काढली, शब्दाखाली टोचली, सुई परत जागेवर. मी विचारही केला नव्हता. माझा हात, आणि मला न विचारता. इतकी घाबरले, की पुस्तक फेकून दिलं आणि मग उचलून पुसलं, कारण ते वाचनालयाचं.

म्हणजे दोन कपही माझेच, खुर्चीही माझीच. घरात भूत आहे ते मीच, दादा. हस हवं तर. मी हसले, मग रडले, मग चहा केला. एकच कप केला, दोनदा बघून घेतलं.

आता दोन मागण्या आहेत. पहिली, मला इथून नेऊ नकोस. तुझ्या मागच्या खोलीत ऊन असेल, पण तिथे मला रोज नवीन काही सापडणार नाही. इथे रोज सापडतं. दुसरी, मी पुन्हा लिहीन. बातमी आहे, बैस म्हणून लिहीन. तेव्हा "हे तू सांगितलंस" म्हणू नकोस. आईला सगळे तेच म्हणायचो आपण, आणि दर वेळी तिचा चेहरा उतरायचा, तो फक्त मी बघायचे, कारण मी शेजारी बसून काजं करायचे. तू नुसता खूश हो. खोटं खोटं नको, खरंच हो. जमेल?

तुझी ठकू


१८ ऑगस्ट

प्रिय ठकू,

तुझ्याशी भांडून निघालो तो थेट स्टेशनवर गेलो नाही. वाचनालयात गेलो. तुला हे सांगणार नव्हतो, पण तू सगळं सांगितलंस, मग मी तरी का लपवू.

ग्रंथपालबाईंनी ती दीपगृहाची कादंबरी काढून दिली. मी तुझ्याच खिडकीत बसलो. समोरची खुर्ची बाहेर ओढलेली होती, मी ती आत सारली नाही. खिशातलं भिंग काढलं आणि एकेक पान उजेडात धरत गेलो. सुरुवातीला जाड भोकं, आईच्या सुईची. जरा पुढे तुझी बारीक. नवरा दार वाजवतो ते पान आलं आणि मी भिंग खाली ठेवलं. भिंगाची गरजच नव्हती. "इथे दिवा कोण लावतं हो?" या ओळीखाली भोकंच भोकं, कागद जाळीसारखा झालाय. बारीक तुझी आहेत. पण जाड त्याहून जास्त आहेत, ठकू.

आईही इथेच येत होती. शेवटच्या वर्षांत आपण म्हणायचो, कुठे भटकत असते, दार लावून घ्या. ती हे वाचायला येत होती. पुन्हा पुन्हा त्याच ओळीला, आणि दर वेळी तो नवरा तिच्यासाठी पहिल्यांदा परत येत होता. आपल्याला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी तिथे बसलो आणि मला आई शेजारी असल्यासारखं वाटलं. मी, म्हणजे मी! मागे वळून पाहिलं नाही.

इकडच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणतात, एकटीला ठेवू नका. तू म्हणतेस, नेऊ नकोस. दोघांचं खरं आहे आणि मी मध्ये अडकलोय. थोडा विचार करू दे. तोवर इस्त्रीची वायर मी सुताराला काढून न्यायला सांगितलंय, त्याच्यावर ओरडू नकोस.

दुसरी मागणी कबूल.

तुझा दादा


५ सप्टेंबर

प्रिय दादा,

बातमी आहे! आधी बैस. बसलास ना? वाचनालय सापडलं! शाळेच्या मागचं, आईचं! दार सताड उघडं होतं. चार पुस्तकं देतात, एका वेळी चार, आणि परत केली की पुन्हा चार! मला तर वाटलं, बाई चुकून बोलल्या.

एक गंमत सांगते. समोरच्या खुर्चीवर कुणीतरी बसत असतं, मी पोचायच्या आधीच उठून जातं. मी खुर्ची आत सारत नाही आता. बसू दे ज्याला बसायचं त्याला. वाचणाराच कुणीतरी असणार.

आणि माझ्या खुंटीवर एक टोपी आहे, पुरुषाची. कुठून आली कळेना. घालून पाहिली, डोळ्यांवर आली. तुझं डोकं लहानपणापासून मोठं, म्हणून विचारते, तुझी तर नाही? तू कधी आला होतास? आला असशील आणि मी घरी नसेन, तर फार चुटपुट लागेल रे. एकदा ये. तुला वाचनालय दाखवायचंय.

तुझी ठकू


९ सप्टेंबर

प्रिय ठकू,

बसलो! बसलो आणि पुन्हा उठलो. वाचनालय सापडलं? खरंच? आईचं? आणि चार? एका वेळी चार? आणि परत केली की पुन्हा चार? मला तर खरंच वाटत नाही. इकडे दुकानात जावयाला ओरडून सांगितलं, तो म्हणाला, "बाबा, हळू, गिऱ्हाईक घाबरलं." मी म्हटलं, घाबरू दे, माझ्या बहिणीला वाचनालय सापडलंय.

आतला वास कसा आहे ते लिहिलं नाहीस. जुना कागद, फिनेल आणि ओली छत्री असा असेल ना? माझा अंदाज आहे आपला.

टोपी माझीच आहे. खुंटीवरून काढू नकोस, मला ती लागेल. माझी बातमी अशी, की माझ्या गावात वाचनालय नाही आणि या वयात मला फाटके शेवट वाचून चालणार नाही. जावयाला म्हटलं, दुकान तुझं, आता मला छळायला दुसरं कुणीतरी हवं. तुझ्या वरच्या सुताराच्या शेजारची खोली रिकामी होती, ती मी घेतली. महिनाअखेर सामान घेऊन येतो. सोफे आणत नाही.

तेव्हा एक दिवस तुझं दार वाजेल. दारात एक म्हातारा उभा असेल, बहिरा, डोक्याने मोठा. ओळखलंस तर चहा टाक, दोन कप. आणि त्या दिवशी नाहीच ओळखलंस, तरी घाबरू नकोस. तो कोण ते सांगणार नाही. एवढंच विचारेल, "इथे जवळपास वाचनालय कुठे आहे हो?"

त्याला घेऊन जा. सगळं दाखव. त्याने ते अजून पाहिलेलं नाही.

तुझा दादा